विजेच्या सर्जपासून उपकरणांचं संरक्षण: मेन बोर्डापासून प्लगपर्यंत

टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीनचा कंट्रोल बोर्ड किंवा संगणकाचा पॉवर सप्लाय अचानक गेला की ‘व्होल्टेज वाढलं असेल’ एवढ्यावर निदान थांबतं आणि लगोलग एक स्पाइक गार्ड विकत आणला जातो. तो टीव्हीमागे लावला की काम झालं असं वाटतं. पण स्पाइक गार्डला लागणारी अर्थिंग बऱ्याच घरांत धड नसते, आणि उपकरण ज्या कारणाने जळलं त्यावर स्पाइक गार्ड हा उपायच नसतो, असंही पुष्कळदा घडतं. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. आधी कारण ओळखायचं, मग अर्थिंग तपासायची, मग मेन बोर्ड, मग प्लग, आणि त्यानंतर सगळेच विसरतात त्या नेटवर्कच्या आणि टीव्ही केबलच्या तारा.

वाढलेलं व्होल्टेज दोन प्रकारचं असतं

२३० व्होल्टचा एसी पुरवठा प्रत्येक लाटेत साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि उतरतो. १२० व्होल्टच्या पुरवठ्यात हे शिखर १७० व्होल्टच्या आसपास असतं. उपकरणं एवढं धरूनच बनवलेली असतात. सर्ज म्हणजे या लाटेवर एकाएकी चढणारा उंच सुळका. तो काही मायक्रोसेकंद, फार तर काही मिलिसेकंद टिकतो, पण त्याची उंची काही हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकते.

सर्जचा सगळ्यांना माहीत असलेला उगम म्हणजे आकाशातली वीज. ती थेट आपल्या तारेवर पडावी लागत नाही. एका तडाख्यातला प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो, क्वचित २ लाखांपर्यंतही जातो, आणि तो काही मायक्रोसेकंदांत वाढतो. त्यामुळे शेकडो मीटर लांबच्या तारांमध्येही व्होल्टेज निर्माण होतं. खांबांवरून उघड्यावर येणाऱ्या लाइनला हा धोका जमिनीखालच्या केबलपेक्षा जास्त. दुसरा उगम वीजपुरवठ्याच्या जाळ्यातला: कपॅसिटर बँक जोडली जाते, फीडर (एका भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन) बंद-चालू होतो, फॉल्टनंतर लाइन परत येते. तिसरा आपल्याच इमारतीतला: लिफ्ट, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन. जोरात वाहणारा नळ झटक्यात बंद केला की पाइप धडकतो, तसंच मोटरच्या गुंडाळीतला प्रवाह स्विचने एकदम तोडला की तारेत व्होल्टेजचा धक्का बसतो. हे छोटे सर्ज रोजचेच. ते एका फटक्यात सहसा काही जाळत नाहीत. सेमीकंडक्टर आणि इन्सुलेशन यांना थोडं थोडं कमकुवत करत राहतात, आणि मग एखाद्या साध्या दिवशी उपकरण विनाकारण बंद पडल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रकार टिकून राहणाऱ्या वाढीव व्होल्टेजचा. यात सुळका नसतो. संपूर्ण पुरवठाच काही सेकंद, काही मिनिटं किंवा तासभर जास्त व्होल्टेजवर चालतो. याचं सगळ्यात घातक कारण म्हणजे न्यूट्रल तुटणं. थ्री-फेज पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. खांबावर किंवा मीटरजवळच्या जोडात न्यूट्रल सुटली की वेगवेगळ्या फेजवरचे लोड एकमेकांशी सिरीजमध्ये आल्यासारखे होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. जिथे लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त. ३०० किंवा ३५० व्होल्ट सहज होतात. १२०/२४० व्होल्टच्या पद्धतीतही हाच प्रकार दोन बाजूंमध्ये घडतो. काही दिवे लखलखीत आणि काही मिणमिणते दिसू लागले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला, की कारण शोधत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि मगच फोन करा.

हे दोन प्रकार वेगळे ओळखणं महत्त्वाचं, कारण सर्ज अडवणारं साधन टिकून राहणाऱ्या वाढीव व्होल्टेजला तोंड देऊ शकत नाही; ते स्वतःच तापून जळतं. नुकसान झाल्यानंतरही अंदाज बांधता येतो. एकाच वेळी घरातली बरीच उपकरणं गेली, त्यांचे फ्यूज काळे पडले, कपॅसिटर फुगले आणि आकाश मात्र निरभ्र होतं, तर संशय न्यूट्रलवर घ्या. गडगडाटानंतर राउटर, टीव्ही आणि कॅमेरा रेकॉर्डर एवढेच गेले, फ्रिज आणि पंखे शाबूत राहिले, तर सर्ज बहुधा डेटाच्या तारेने आला.

ज्यांच्यावर चुकीचा भरवसा ठेवला जातो

एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, जास्त प्रवाह झाला की तोडतो. व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि सर्ज येऊन जातो तेवढ्या वेळात त्याचे संपर्क हलतही नाहीत. आरसीसीबी हाही तसाच स्विच, पण तो अर्थकडे होणाऱ्या गळतीचा प्रवाह पाहतो, तो माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. दोन्ही अत्यावश्यक आहेत, पण सर्जसाठी नाहीत.

स्टॅबिलायझर सावकाश वरखाली होणारं व्होल्टेज सावरतो. रिलेवाला असो वा सर्व्होवाला, त्याला प्रतिक्रिया द्यायला मिलिसेकंदांपासून सेकंदापर्यंत वेळ लागतो. सर्ज तोवर पलीकडे पोचलेला असतो. जिथे व्होल्टेज कायम कमी किंवा जास्त असतं तिथे स्टॅबिलायझर जरूर हवा, मात्र तो सर्जवरचा उपाय समजू नये. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे पुरवठा तोडण्याची सोय असते, तिचा उपयोग दुसऱ्या प्रकारात होतो.

यूपीएसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ऑफलाइन यूपीएस वीज असताना मेनचाच पुरवठा जवळपास तसाच पुढे सोडतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस ट्रान्सफॉर्मरच्या टॅप बदलून व्होल्टेज सावरतो. ऑनलाइन यूपीएस एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी करतो, त्यामुळे मेनवरची गडबड उपकरणापर्यंत फारशी पोचत नाही. पण मोठा सर्ज आला तर यूपीएसची पुढची बाजू त्याला सामोरी जाते. यूपीएस हेही एक महागडं इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे, त्याच्या इनपुटच्या बाजूला सर्जचं संरक्षण असायलाच हवं.

पहिली पायरी: अर्थिंग आणि वायरिंग

सर्ज अडवणारं कुठलंही साधन सर्ज गिळून टाकत नाही. ते त्याला बाजूची वाट काढून देतं, आणि ती वाट बहुधा अर्थकडे जाते. वाटच नसेल तर महागातलं साधनही निम्मंच काम करतं.

मल्टिमीटरने एक प्राथमिक तपासणी करता येते. मीटर एसी व्होल्टेजच्या योग्य रेंजवर ठेवा, प्रोब धड आहेत ना ते पाहा. फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज आणि फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज जवळपास सारखं आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट चालतात. लोड लावल्यावर हा आकडा बराच वाढत असेल तर न्यूट्रलचा जोड ढिला असण्याची शक्यता आहे, आणि ते तातडीचं काम आहे. फेज-अर्थमध्ये फारच कमी किंवा हेलकावे खाणारं व्होल्टेज दिसलं तर त्या प्लगची अर्थ कुठेच जोडलेली नाही.

या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवा. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या, केसाएवढ्या जोडातूनही आकडा बरोबर दिसतो. अर्थ खरोखर चांगली आहे का, हे अर्थ लूप टेस्टर किंवा अर्थ रेझिस्टन्स मीटरनेच कळतं. वायरमनकडे ते उपकरण असेल तर प्रत्येक खोलीतल्या एका तरी प्लगचं मोजमाप करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. वीज पडण्यापासून इमारतीचं संरक्षण करण्यासाठीच्या आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात अर्थ इलेक्ट्रोडचा (जमिनीत पुरलेल्या रॉडचा किंवा पट्टीचा) रोध १० ओहमपेक्षा कमी असावा अशी शिफारस आहे.

इथे दोन गोष्टी अगदी स्पष्टपणे नाही म्हणण्यासारख्या. अर्थ मिळत नाही म्हणून प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून टाकणं ही जीवघेणी युक्ती आहे. न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या धातूच्या अंगावर पूर्ण व्होल्टेज येतं. दुसरी, संगणकासाठी किंवा सर्व्हरसाठी ‘स्वच्छ’ अर्थ हवी म्हणून बागेत वेगळा रॉड ठोकून तो मेन अर्थला न जोडता वापरणं. वीज जवळ पडली की जमिनीतल्या दोन जागांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो फरक नेमका त्या संगणकातून आपली वाट काढतो. इमारतीत कितीही इलेक्ट्रोड असोत, सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. पाण्याचे धातूचे पाइप, टीव्हीच्या अँटेनाचा खांब, केबलचं आवरण हे सगळं त्याच मुख्य अर्थ बारला, म्हणजे सगळ्या अर्थ तारा एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीला, यायला हवं.

अर्थिंगचा रोध एखाद-दुसऱ्या ओहमने कमी करण्यात जितका पैसा जातो, त्यापेक्षा ही जोडणी नीट करण्यात घातलेला पैसा सर्जच्या बाबतीत जास्त कामी येतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी: मेन बोर्डात एसपीडी

एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस. दिसायला एमसीबीसारखा, त्याच पट्टीवर बसणारा. आत बहुधा मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर असतो, त्यालाच एमओव्ही म्हणतात: झिंक ऑक्साइडची भाजलेली चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळपास काहीच प्रवाह वाहू देत नाही, मर्यादा ओलांडली की नॅनोसेकंदांत वाट मोकळी करते, आणि सर्ज ओसरला की पुन्हा बंद होते. काही एसपीडींमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये गॅस डिस्चार्ज ट्यूब असते. ती थोडी सावकाश पेटते, पण प्रचंड प्रवाह सोसते आणि एरवी तिच्यातून अर्थकडे गळती होत नाही.

आयईसी ६१६४३-११ या मानकात एसपीडीचे तीन प्रकार केले आहेत. टाइप १ थेट पडलेल्या विजेच्या प्रवाहासाठी. त्याची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या लांब शेपटाच्या लाटेने होते. टाइप २ ची चाचणी ८/२० मायक्रोसेकंदांच्या लाटेने. टाइप ३ उपकरणाजवळ लावायचा. छतावर तडितरक्षक असेल किंवा पुरवठा उघड्या लाइनवरून शेवटच्या खांबापर्यंत येत असेल, तर मेन बोर्डात टाइप १ किंवा १ आणि २ एकत्र असलेला घ्यावा. बाकी बहुतेक घरांना आणि लहान कार्यालयांना टाइप २ पुरतो.

एसपीडीच्या अंगावर काही आकडे छापलेले असतात. यूसी म्हणजे तो कायम सोसू शकेल ते व्होल्टेज. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात २७५ नेहमी दिसतो. जिथे रात्री व्होल्टेज चढतं, तिथे ३२० किंवा ३८५ चा घेतलेला बरा. यूसी वाढवली की संरक्षण थोडं सैल होतं, हे मान्य, पण सारखा तापून मरणारा एसपीडी अजिबातच संरक्षण देत नाही. यूपी म्हणजे सर्जच्या वेळी त्याच्या टोकांवर उरणारं व्होल्टेज. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. २३०/४०० व्होल्टच्या पुरवठ्यात साध्या घरगुती उपकरणांनी २.५ किलोव्होल्टचा धक्का आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सने १.५ किलोव्होल्टचा धक्का सोसावा अशी आयईसी ६०६६४-१ मधली विभागणी आहे. म्हणून १.५ किंवा त्याहून कमी यूपी शोधा. आयएन हा पुन्हा पुन्हा सोसण्याचा प्रवाह आणि आयमॅक्स एकदाच सोसण्याचा. जाहिरातीत आयमॅक्स मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही आयएन पाहा, तोच आयुष्य सांगतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: एसपीडीच्या तारांची लांबी. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध) असतो. सर्जचा प्रवाह ८ मायक्रोसेकंदांत १० हजार अँपिअरपर्यंत चढला तर त्या एका मीटरवरच सुमारे १,२५० व्होल्ट पडतात. म्हणजे १.५ किलोव्होल्ट यूपीचा उत्तम एसपीडी बोर्डाच्या कोपऱ्यात बसवून त्याला फेजची पाऊण मीटर आणि अर्थची पाऊण मीटर तार दिली, की उपकरणांच्या वाट्याला जवळपास ३.४ किलोव्होल्ट येतात. तार जाड घेऊन हे फारसं सुधारत नाही. लांबीच कमी करावी लागते. वायरिंगच्या मानकाची अपेक्षा आहे की फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बारपर्यंतची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत असावी.

म्हणून वायरमनला आधीच सांगा: एसपीडी अर्थ बारच्या शेजारी बसवायचा. जागा नसेल तर येणारी मुख्य तार आधी एसपीडीच्या टर्मिनलवर आणून तिथूनच पुढे न्यायची, म्हणजे वेगळी फांदी राहतच नाही. तारेची गुंडाळी करून ठेवायची नाही, तीव्र वळणं द्यायची नाहीत, आणि एसपीडीची अर्थ तार संरक्षित बाहेर जाणाऱ्या तारांना बिलगून न्यायची नाही. अर्थकडे जाणारी तांब्याची तार टाइप २ साठी किमान ६ चौरस मिलिमीटर आणि टाइप १ साठी १६ चौरस मिलिमीटरची ठेवा. एसपीडीच्या आधी कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी हवा, कारण एमओव्ही शॉर्ट होऊनही मरू शकतो.

कुठला जोडणी-प्रकार घ्यायचा हे अर्थिंगच्या पद्धतीवर ठरतं. ग्राहकाचा स्वतःचा अर्थ इलेक्ट्रोड असलेल्या, टीटी म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब अशी जोडणी घ्या; एका फेजला तिला १+१ आणि तीन फेजना ३+१ म्हणतात. ती आरसीसीबीच्या आधी बसवता येते, म्हणजे सर्जमुळे आरसीसीबी उगाच पडत नाही.

हे काम स्वतः करू नका. मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टोकांवर वीज जिवंतच असते.

तिसरी पायरी: न्यूट्रल तुटण्यावरचा उपाय

यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की पूर्ण पुरवठा तोडणारं साधन. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात वरची मर्यादा साधारण २६५ ते २७५ आणि खालची १७० ते १८० च्या आसपास ठेवतात. युरोपात अशा साधनांसाठी मानक आहे, आणि त्याचा गाभा असा की व्होल्टेज जितकं जास्त तितक्या कमी वेळात पुरवठा तुटला पाहिजे. घेताना हीच गोष्ट तपासा. काही स्वस्त रिले २८० व्होल्टलाही आणि ३८० व्होल्टलाही तेवढाच एक-दोन सेकंदांचा उशीर लावतात, आणि तेवढ्यात पॉवर सप्लाय फुटतात.

रिलेची प्रवाहक्षमता घराच्या पूर्ण लोडइतकी हवी, किंवा त्याने योग्य क्षमतेचा काँटॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) चालवायला हवा. परत जोडण्याचा उशीर ३ ते ५ मिनिटांवर ठेवा. फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला आतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. रिले एसपीडीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला बसवा, म्हणजे रिलेमधलं इलेक्ट्रॉनिक्सही सर्जपासून वाचतं.

जिथे न्यूट्रलचे जोड जुने आहेत, तिथे मी एसपीडीच्या बरोबरीने, किंबहुना एखादे वेळी त्याच्याही आधी, हा रिले बसवायला सांगेन.

चौथी पायरी: प्लगजवळचं संरक्षण

मेन बोर्डातला एसपीडी १० मीटरपेक्षा लांबच्या उपकरणाला पुरा पडत नाही. लांब तारेत सर्ज मागेपुढे आपटतो आणि शेवटच्या टोकाला व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकतं. शिवाय त्याच सर्किटवरच्या मोटरने दिलेला धक्का मेन बोर्डापर्यंत जाण्याआधीच उपकरणाला बसू शकतो. म्हणून टीव्ही, संगणक, ऑडिओ यांच्याजवळ टाइप ३ चं साधन लागतं. स्पाइक गार्ड म्हणून विकली जाणारी पट्टी तीच, जर तिच्यात खरोखर एमओव्ही असेल तर. दिवा, स्विच आणि फ्यूज एवढंच असलेल्या पट्ट्या याच नावाने विकल्या जातात. पाकिटावर यूपी किंवा क्लॅम्पिंग व्होल्टेज, सर्जचा प्रवाह आणि मानकाचा क्रमांक छापलेला नसेल तर ती साधी एक्स्टेन्शन बोर्ड समजा.

तिन्ही जोड्यांमध्ये संरक्षण आहे का ते वाचा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एमओव्ही तापला तर त्याला वेगळा करणारा थर्मल फ्यूज असणं ही माझ्या दृष्टीने पहिली अट आहे, कारण म्हातारा झालेला एमओव्ही आग लावू शकतो. ‘संरक्षण चालू’ दाखवणारा वेगळा दिवा हवा. तो विझला की पट्टीतून वीज येत राहते, संरक्षण मात्र संपलेलं असतं. जूल हा (किती ऊर्जा सोसता येते ते सांगणारा) आकडा सारख्याच दोन पट्ट्यांची तुलना करायला ठीक आहे, पण त्यावरून उरणारं व्होल्टेज कळत नाही. अमेरिकेतल्या यूएल १४४९ मानकानुसार छापलेला ३३० व्होल्टचा आकडा १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठीच्या साधनांवर दिसतो. ते साधन २३० व्होल्टला लावलं तर लगेच जळेल.

एका पट्टीत दुसरी पट्टी लावू नका. हीटर, इस्त्री, एसी, मायक्रोवेव्ह यांना अशा पट्टीवर घेऊ नका. लेझर प्रिंटर यूपीएसवर नको, कारण त्याचा हीटर क्षणाक्षणाला मोठा प्रवाह ओढतो. यूपीएसच्या इनपुटच्या बाजूला संरक्षण चालतं. त्याच्या आउटपुटवर मात्र सर्ज पट्टी लावू नये, विशेषतः यूपीएसची लाट चौकोनी धर्तीची असेल तर. पट्टी गालिच्याखाली, पडद्यामागे किंवा कपड्यांत दबलेली नसावी.

पाचवी पायरी: दुसऱ्या तारेने येणारा सर्ज

वीजपुरवठ्याची बाजू पक्की केली तरी राउटर आणि टीव्ही जळत राहतात, आणि लोकांचा एसपीडीवरचा विश्वास उडतो. कारण अशा उपकरणाला किमान दोन तारा येतात: एक विजेची, दुसरी डेटाची. विजेच्या बाजूने सर्ज आला, पट्टीने तो अर्थच्या तारेत वळवला. त्या लांब अर्थ तारेवर, वर सांगितल्याप्रमाणे, शेकडो-हजारो व्होल्ट पडले. त्या क्षणी उपकरणाची अर्थ तेवढी वर उचलली गेली, पण दुसऱ्या खोलीतून किंवा बाहेरून आलेली नेटवर्कची तार आपल्या जागीच राहिली. हा सगळा फरक उपकरणाच्या आत, दोन पोर्टच्या मध्ये येतो. अमेरिकेतल्या निस्ट या राष्ट्रीय संस्थेतले अभियंते फ्रांस्वा मार्टझ्लॉफ यांनी हा मुद्दा अनेक वर्षं सातत्याने मांडला: एकेका तारेवरचं संरक्षण चोख असूनही दोन तारांमधल्या फरकामुळे उपकरण जाऊ शकतं.

उपाय त्यातूनच निघतो. उपकरणाला येणाऱ्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी, एकाच अर्थ बिंदूला धरून संरक्षित करायच्या. इमारतीत शिरताना वीज, केबल टीव्ही, टेलिफोन आणि इंटरनेटच्या तारा एकाच कोपऱ्यातून घ्या आणि त्यांचे अरेस्टर (तारेवरचा सर्ज अर्थकडे वळवणारी साधनं) त्याच अर्थ बारला आखूड तारेने जोडा. उपकरणाजवळ वीज आणि नेटवर्क किंवा कोॲक्स (टीव्हीची केबल) दोन्ही एकाच डब्यातून जाणारी पट्टी वापरा. विजेसाठी एक पट्टी आणि नेटवर्कसाठी दुसरीकडे अर्थ केलेला अरेस्टर, ही जोडी टाळा.

इथरनेटच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि मानकानुसार ते १,५०० व्होल्टचं विलगीकरण देतात. इमारतीच्या आतल्या छोट्या केबलला बहुतेक वेळा ते पुरतं. पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची, फाटकावरच्या इंटरकॉमची, शेजारच्या इमारतीत गेलेली केबल ही वेगळी गोष्ट आहे. दोन इमारती तांब्याच्या केबलने जोडायच्या झाल्या तर दोन्ही टोकांना अरेस्टर लागतात, आणि तरीही धाकधूक राहते. तिथे फायबर टाका. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून प्रश्नच मिटतो. फक्त केबलमध्ये मजबुतीसाठी धातूची तार नसलेला प्रकार घ्या, किंवा ती तार प्रवेशापाशीच अर्थ करा. प्रिंटरसारख्या उपकरणाला वाय-फाय पुरत असेल तर एक केबल कमी करणं हेही संरक्षणच आहे.

छतावर सौर पॅनेल असतील तर डीसी बाजूला डीसीसाठीच बनवलेला एसपीडी लागतो. एसीचा प्रवाह प्रत्येक अर्ध्या लाटेत शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीला अशी उसंत नसते, म्हणून एसीचा एसपीडी तिथे पेटू शकतो.

वादळाच्या वेळी

प्लग काढून ठेवण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. स्विच बंद करणं त्याच्या जवळपासही येत नाही: भिंतीवरचा स्विच बहुधा फक्त फेज तोडतो आणि त्याच्या संपर्कांमधली काही मिलिमीटरची फट हजारो व्होल्टचा सर्ज सहज ओलांडतो. प्लगबरोबर नेटवर्क, अँटेना आणि केबलची तारही काढा. एकच काढली तर अर्धं काम झालं. हे सगळं गडगडाट ऐकू येण्याआधी करायचं. वीज कडाडायला लागल्यावर तारा आणि प्लग हाताळू नका, उपकरणापेक्षा जीव मोठा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबून मगच परत जोडा.

लाइट गेली की टीव्ही, संगणक, एसी यांचे स्विच बंद करा, एखादा दिवा चालू ठेवा. लाइट आल्यावर सगळ्या परिसराचे लोड एकदम चालू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. दिवा दोन-तीन मिनिटं स्थिर जळतो आहे असं पाहून एकेक उपकरण सुरू करा.

देखभाल

एमओव्ही प्रत्येक सर्जबरोबर थोडा झिजतो. एसपीडीवरची खिडकी हिरवी आहे का, हे महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर पाहा. लाल झाली की त्याची कार्ट्रिज तेवढी बदलायची; बहुतेक एसपीडींमध्ये ती ओढून काढता येते. नेमक्या त्याच मॉडेलची आणि त्याच यूसीची एक कार्ट्रिज बोर्डापाशी ठेवा आणि बसवल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. एसपीडी मेला तरी घरातली वीज चालूच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जिथे बोर्ड कुलपात किंवा तळमजल्यावर असतो, तिथे दूरसूचना देणारा संपर्क असलेला एसपीडी घेऊन त्याला एखादा छोटा बझर किंवा दिवा जोडून द्या. अर्थचं मोजमाप वर्षातून एकदा, जमीन सगळ्यात कोरडी असते त्या दिवसांत करून घ्या, कारण रोध तेव्हाच सर्वांत जास्त असतो, आणि त्याच भेटीत मेन बोर्डातल्या न्यूट्रलच्या प्रत्येक जोडाचे स्क्रू वायरमनकडून आवळून घ्या.